धुक्याचे मामा

"अरे ऊठ की बाळा! किती लोळशील? तुझी मावशी, ती झुळूक, पहाटेपासून दारात ताटकळत उभी आहे. तिला साधं 'बस' म्हणायची रीत नाही तुला?"

धक्क्यावर दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. समोर नदी असायला हवी होती. तिच्या जागी कुणी पिंजलेला कापूस ओतून ठेवावा तसं धुकं भरलं होतं. पलीकडचा काठ तर सोडाच, धक्क्याला बांधलेल्या लाँचचं नाकसुद्धा शेपटाला दिसत नव्हतं. आणि धक्क्याच्या टोकाला मामा उकिडवे बसून त्या कापसाशी बोलत होते. त्यांच्या पुढ्यात पांढरीशुभ्र चादर अंथरलेली होती. चादरीच्या मध्यभागी पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा उंच पेला होता. धुकं उठलं की त्याला तोंड धुवायला पाणी नको?

"काल रात्री जागलास ना? कळतं मला. ढगांच्या पोरांत बसलास गप्पा मारत. मामाला फसवतोस होय रे लबाडा?"

"किती मायेनं बोलतात!" अंडीवाल्या बाई टोपली सावरत म्हणाल्या.

मामा बोलत राहिले. धुक्याचं बालपण झालं, धुक्याच्या आईचं बाळंतपण झालं, थंडीबाईनं धुक्याला कसं लाडावून ठेवलंय तेही झालं. मग एकदम मामा ताडकन उभे राहिले, दोन्ही हात वर करून गरजले, "ऊठ!"

आणि काय सांगावं! धुकं विरळ व्हायला लागलं. लाँचचं नाक दिसलं, मग पाणी दिसलं. दहाबारा मिनिटांत पलीकडच्या काठावरची झाडंही दिसू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अंडीवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमचे हे तीस वर्षांत असे एका हाकेत उठलेले नाहीत हो," त्या म्हणाल्या.

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: बोलणं सुरू सात वीस. "ऊठ" आठ नऊ. नदी मोकळी आठ वीस.

एक हाक म्हणे! एकोणपन्नास मिनिटांची हाक.

या मुलीला सगळे तिकीटवाली म्हणत. भौतिकशास्त्रातली पदवी घेऊन ती आली आणि तूर्त लाँचची तिकिटं फाडत होती. लाँच चालवणारे तांडेल हे तिचे बाबा. उशीर झाला की वेळ आणि कारण लिहायचं हे तिच्या कामातच होतं. पण इतर कुणी "धुकं" एवढं लिहून मोकळं झालं असतं, तिथं ही बाई तापमान, वारा आणि धुक्याचा जाडपणासुद्धा टिपून ठेवत असे. तिला राहवायचंच नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणाला तीच थोडी कारणीभूत होती. हिवाळ्याच्या सुरुवातीला रोज रोज "दाट धुक्यामुळे विलंब" असं लाऊडस्पीकरवर म्हणून तिला कंटाळा आला. मग ती म्हणायला लागली, "प्रवासी हो, धुकं अजून पांघरुणात आहे. काल उशिरा झोपलं वाटतं. जरा कळ काढा." लोक हसायचे, उशिराचा राग निवायचा. त्या रांगेत एके दिवशी गाद्या विकणारा एक माणूस उभा होता. त्याच्या गाद्या खपत नव्हत्या, जीभ मात्र बेफाम खपण्यासारखी होती. त्यानं घोषणा ऐकली, थोडा वेळ विचार केला आणि पुढं येऊन म्हणाला, "झोपलंय ना? मग उठवायला कुणीतरी घरचं माणूस पाहिजे. मी त्याचा मामा."

त्या दिवशी लोकांनी थट्टा म्हणून ऐकलं. पंधरा दिवसांनी थट्टा कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. मामांसाठी धक्क्यावर खुर्ची आली, चहा आला, कुणीतरी लोकरीचे हातमोजे विणून दिले. लोक घरच्या तक्रारीही आणू लागले. एक शिंपी म्हणाला, "मामा, आमच्या खिडकीतलं ऊन फार चिडकं झालंय, कापडाचा रंग खातंय." मामा म्हणाले, "उन्हाचा नि माझा अबोला आहे सध्या. पण निरोप धाडतो."

आता इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. गुरुवारी मात्र प्रतीक्षागृहात लाँचचा कारभार पाहणाऱ्या फेरी समितीची बैठक भरली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे बाजारातले कपबश्यांचे व्यापारी. त्यांना लोक मागे बशीशेठ म्हणत. ते तांडेलांना म्हणाले, "मामांनी 'ऊठ' म्हटल्यावरही तुम्ही दहा-पंधरा मिनिटं लाँच सोडत नाही. का?"

"तिसरा खांब दिसेस्तोवर नाही सोडत," तांडेल म्हणाले. "आजवर कधीच नाही सोडली."

नदीत काठापासून काठापर्यंत एका ओळीत तीन खांब रोवलेले होते. सुकाणूपाशी उभं राहून पलीकडचा तिसरा खांब दिसला की लाँच सोडायची, हा नियम. वरच्या अंगानं वाळूचे बार्ज, म्हणजे लांबलचक, सपाट, अवजड होड्या, प्रवाहासोबत येत. त्यांना चटकन थांबता येत नसे.

"अहो, पण मामा धुक्याला वाट द्यायला सांगतात ना!" बशीशेठ म्हणाले. "तुम्ही खांब मोजत बसता म्हणजे मामांवर अविश्वास दाखवता. धुक्यालाही अपमान वाटत असेल."

"धुक्याला?"

"का? तुमचीच मुलगी रोज सांगते, धुकं झोपलंय म्हणून. झोप येते त्याला, मग अपमान होत नाही होय?"

तिकीटवाली दारात उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ठराव झाला. सोमवारपासून मामांनी "ऊठ" म्हणताक्षणी लाँच सुटेल. तांडेलांना मान्य नसेल तर सुकाणू बशीशेठच्या भाच्याकडे जाईल.

"तो तर ट्रॅक्टर चालवतो," तांडेल म्हणाले.

"मग? लाँच म्हणजे काय, पाण्यातला ट्रॅक्टरच."

घरी तांडेलांनी पावाचा तुकडा चहात बुडवला आणि तो विरघळून तळाशी गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"सोमवारी सोडणार का?" आईनं विचारलं.

"नाही सोडणार."

"मग सुकाणू जाईल."

"सुकाणू गेलं तर मी घरी बसेन. पण ते पोरगं दोनशे माणसं घेऊन आंधळ्यासारखं पाण्यात शिरेल, आणि मी इथं बसून पाव खाऊ?"

तिकीटवालीनं वही उघडली. "बाबा, हे बघा. मागच्या महिन्यात मामांना पडसं झालं होतं, तीन दिवस ते आले नाहीत. तेव्हाही धुकं उठलंच, आणि साधारण त्याच सुमाराला. मामा यायच्या आधीच्या नोंदीही तेच सांगतात. ज्या दिवशी धुकं लवकर जातं त्या दिवशी मामांचं भाषण आटोपशीर असतं, उशिरा जातं तेव्हा धुक्याच्या आजोळपर्यंत गोष्टी जातात. मामा धुकं जाईपर्यंत बोलतात, एवढंच! अपयश येणार कुठून? यश आल्याशिवाय माणूस थांबतच नाही!"

"मग सांग की समितीला," आई म्हणाली.

"आत्ता जाऊन वही दाखवते."

"वही?" आई हसली. "बाळ, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तुझी वही कोण वाचणार? काहीतरी डोळ्यांना दिसेल असं कर."

आणि एक गोष्ट तिकीटवालीला खरंच उलगडत नव्हती. बोलणं कितीही लांबो, तो शेवटचा "ऊठ!" मात्र बरोबर वेळेवर यायचा. त्यानंतर आठ ते बारा मिनिटांत काठ मोकळा. सत्तावीस दिवसांच्या नोंदींत एकदाही चूक नाही. हे मामांना कळतं कसं?

शुक्रवारी तिनं खिडकी आईच्या ताब्यात दिली आणि ती चादरीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"इथं नको, इथं नको!" मामांनी हात झटकला. "पाहुण्याच्या उशाशी उभं राहू नये."

ती पलीकडे गेली. तिथं मामांनी हरकत घेतली नाही. मग तिनं नुसतं पाहायचं ठरवलं. पायाकडच्या बाजूला एक फुगेवाला अर्धा तास ठाण मांडून होता, त्याला मामांनी हटकलं नाही. उशाच्या बाजूला मात्र कुणी फिरकलं की "सरका, सरका". अंडीवाल्या बाईंच्या टोपलीलाही तिथं बंदी. ही उशाची बाजू म्हणजे आहे तरी काय? तिनं दिशा पाहिली. उशाची बाजू पूर्वेला होती.

मग तिनं धुक्याकडे पाहायचं सोडून मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मामांचं तोंड धुक्याशी बोलत होतं, डोळे पेल्यावर होते. धुक्यातला उजेड सगळीकडून सारखाच येतो, त्यात कशाचीच सावली पडत नाही. चादर कोरी होती. "...आणि तुझे काका, ते वादळराव, ते तर..." मामा बोलत होते, आणि बोलता बोलता पेल्याच्या पायथ्यापासून पश्चिमेला एक फिकट, पुसट, राखाडी बोट चादरीवर उमटलं.

"ऊठ!" मामा गरजले.

तिकीटवालीला इतका आनंद झाला की ती एकटीच टाळ्या वाजवायला लागली. मामांना वाटलं, चला, हीपण भक्त झाली.

रविवारी सकाळी धुकं नेहमीसारखंच दाट होतं. मामा आले तर त्यांच्या जागेवर दुसरीच चादर. खरं तर उशीचा अभ्रा. अभ्र्यावर पाण्याचा पेला, आणि त्यामागे तिकीटखिडकीतलं तीन पायांचं लाकडी स्टूल.

लाऊडस्पीकर खरखरला. "प्रवासी हो, मामा रोज थकतात. आज त्यांना विश्रांती. आज धुक्याला स्टूल उठवेल."

धक्क्यावर हशा पिकला. मामा मात्र संतापले. "चेष्टा आहे काय? धुकं मानी आहे! रुसलं तर दोन दोन दिवस हलणार नाही!"

"मामा, मग तर सोपंच झालं," तिकीटवाली बाहेर येत म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प बसा. धुकं दोन दिवस नाही हललं तर बाबा आपणहून सुकाणू सोडतील. सगळ्यांसमोर सांगते."

तांडेलांनी लाँचमधून मुलीकडे एकदा पाहिलं. मग मान हलवली.

बशीशेठना हा सौदा पसंत पडला. "बसा मामा. बघू तरी."

मामांच्या आयुष्यातला हा सगळ्यात कठीण प्रहर असावा. ते दोनदा खाकरले, तेव्हा अंडीवाल्या बाईच म्हणाल्या, "हं! बोलायचं नाही ठरलंय." स्टूल काही बोललं नाही. त्याला धुक्याच्या मावशीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पाऊण तास दोनशे माणसं एका स्टुलाकडे टक लावून बसली होती. शिंपी तर कंटाळून म्हणाला, "याचा एक पाय आखूड आहे, म्हणून जमत नसेल."

आठ वाजून सहा मिनिटांनी तिकीटवालीनं लाऊडस्पीकर हातात घेतला. "अजून दहाएक मिनिटं."

आठ चौदाला लाँचचं नाक दिसलं. मग पाणी दिसलं. वर निळं आभाळ उघडलं.

मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "स्टुलात काहीतरी आहे बरं का."

"जुनं लाकूड आहे. जुन्या लाकडात असतं."

शिंप्यानं चपला काढल्या.

तिकीटवालीनं कपाळावर हात मारला. "अहो काका, घाला त्या चपला! स्टुलात ढेकूण आहेत, दुसरं काही नाही. सगळे इकडे या आणि या अभ्र्याकडे बघा. काय दिसतं?"

"पेला," शिंपी म्हणाला.

"आणि?"

"पेल्याची सावली," अंडीवाल्या बाई म्हणाल्या.

"मघाशी होती?"

बाईंनी आठवून पाहिलं. "नव्हती. मघाशी नुसतं पांढरं होतं. तू बोललीस ना लाऊडस्पीकरवर, त्याच्या जरा आधी आली."

"तेच! धुकं म्हणजे पाण्याचे बारीक बारीक थेंब. दाट असतं तेव्हा ते उजेड इकडेतिकडे पसरवून टाकतात, म्हणून सावली पडत नाही. ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला तापवते, थेंबांची वाफ होते. धुकं उठून कुठं जात नाही, जागच्या जागी विरतं. ते पुरेसं विरळ झालं की सूर्याचा सरळ उजेड खाली पोचतो आणि पहिली सावली पडते. ती पडली की काठ मोकळा व्हायला दहाएक मिनिटं उरतात. मामा धुक्याशी बोलत नव्हते. मामा सावलीची वाट बघत होते."

"म्हणून आम्हाला त्या बाजूनं हाकलायचे होय!" बाई मामांकडे वळल्या. "माझ्या टोपलीची सावली नको म्हणून? आणि मी मेली रडले!"

मामा चाचरले. "सावली... सावलीसुद्धा मीच पाडतो. ती माझी भाची."

आता मात्र हशाचा असा स्फोट झाला की पलीकडच्या झाडांतले बगळे उडाले असते. पण पलीकडची झाडं अजून दिसतच नव्हती. हशात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, बशीशेठच्याही नाही. हरलेल्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी लगेच विषय बदलला.

"बरं बरं, स्टूल म्हणा, सावली म्हणा. धुकं गेलं ना? चला, सोडा लाँच!"

"दोन खांब दिसतात," तांडेल सुकाणूपाशी उभे होते. "तिसरा नाही."

"अहो, इथं डोक्यावर ऊन पडलंय! दोन दिसले म्हणजे तिसराही असणारच. खांब काय पळून जातो?"

"पाणी गार आहे, जमिनीइतकं लवकर तापत नाही," तिकीटवाली म्हणाली. "नदीवरचं धुकं शेवटी जातं, आज तर रोजच्यापेक्षाही रेंगाळलंय. सावली धक्क्यावरची खबर देते, नदीची नाही."

"तिसरा खांब मी खांबासाठी बघत नाही, शेठ," तांडेल शांतपणे म्हणाले.

लोक कुरकुरले, घड्याळं पाहू लागले. कुणीतरी "सोमवारपासून भाचाच बरा" असं पुटपुटलं. एक मिनिट गेलं, दोन गेली.

तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या खांबापलीकडच्या पांढऱ्या भिंतीतून एक काळं लोखंडी तोंड बाहेर आलं. मग त्यामागचं अंग येतच राहिलं. वाळूनं गच्च भरलेला बार्ज. इंजिन मंद, प्रवाहाबरोबर जवळजवळ निःशब्द. लाँचच्या नेहमीच्या वाटेवरून, ती मघाशी सुटली असती तर जिथं असती बरोबर तिथून, तो आडवा गेला आणि खालच्या अंगाला पुन्हा धुक्यात शिरला. त्याच्या लाटा धक्क्यापर्यंत आल्या. पेल्यातलं पाणी हिंदकळून अभ्र्यावर सांडलं.

बशीशेठ खुर्चीवर बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ती खुर्ची मामांची आहे. ते उठले, आणि परत बसले.

मग ते तांडेलांकडे वळले. "तो ठराव... तो मागे घेतलाय असं समजा. सुकाणू तुमचंच."

तिकीटवालीच्या हातात लाऊडस्पीकर होता, पण तिनं तो बंद केला. साध्या आवाजात म्हणाली, "धुकं झोपलंय, असं मीच म्हणायचे. पुढेही म्हणेन. वारा वेडा होतो, ऊन चिडतं, थंडी चावते. असं बोलल्याशिवाय आपल्याला करमतच नाही, आणि त्यात पाप काही नाही. पण आपण हे गमतीनं बोलतो हे विसरलो, की गमतीत माणूस केलेल्या त्या धुक्याचा मामा म्हणून कुणीतरी येऊन उभा राहतोच. थेंबांना राग येत नाही, लोभ नाही, नातेवाईक तर नाहीतच. त्यांची समजूत काढता येत नाही. त्यांची मोजमापं घेता येतात. कुणी म्हणालं, हे मी केलं, तर त्याला एवढंच विचारा: तुम्ही काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि मग एकदा खरंच काही न करता बघा. त्याला शिक्षण लागत नाही. एक स्टूल पुरतं."

"आणि मी काय करू?" मामा एवढंसं तोंड करून म्हणाले.

"तुमचा आवाज खणखणीत आहे," तांडेल लाँचमधून म्हणाले. "बार्जवाल्यांना ऐकू जाईल असा माणूस मला लाँचच्या नाकावर हवाच आहे. पण बार्ज दिसला तरच ओरडायचं. त्याच्या मावशीची चौकशी करायची नाही."

मामांनी थोडा विचार केला आणि लोकरीचे हातमोजे चढवले.

सगळ्यांचे डोळे नदीवर लागले होते. धुक्याची कड हळूहळू मागे सरकत होती, पातळ होत होती, आणि आज पहिल्यांदाच कुणी तिला हाका मारत नव्हतं. मग पांढऱ्यात एक बारीक उभी रेघ उमटली. आधी शिंप्याला दिसली, मग बाईंना, मग सगळ्यांनाच.

"तिसरा!" दोनशे जण एकदम ओरडले. "तांडेल, तिसरा दिसला!"

तांडेलांनी ऐकलं. फडकं घेतलं, सुकाणूपुढची काच आतून पुसली, बाहेरून पुसली. मग डोळे बारीक करून स्वतः पाहिलं, आणि इंजिन सुरू केलं.